पाठीसाठी, फक्त पाठीसाठी

“दुखतंय पाठीत आणि मशीन लावणार डोक्याला. उद्या दाढ दुखली तर गुडघा उपटतील.”

सासूबाई हे पुटपुटल्या ते थेट माझ्या कानात, कारण दवाखान्यातला तो बाक दोघांसाठी केलेला होता आणि त्यावर आम्ही तिघं बसलो होतो. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला आमचे हे, आणि मधे मी, पाकिटात पत्र घालावं तशी. सासूबाईंचा समज असा आहे की त्या पुटपुटतात. प्रत्यक्षात समोरच्या बाकावरचे गृहस्थ हसले, आणि दवाखान्यात हसणं बरं दिसत नाही म्हणून लगेच खोकले. हे मात्र हसलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. फरशीच्या एका भेगेकडे बघत बसले. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर निदान “आई, पुरे” एवढं तरी आलं असतं.

त्या दिवसांत आमच्या घरात चार जण राहत होते. सासूबाई, मी, हे, आणि ह्यांची पाठ. त्यात मान पाठीचा. सकाळी उठल्यावर पहिली चौकशी तिची. पाठ कशी आहे, पाठीला झोप लागली का, पाठीला ही उशी चालते का. दूरगावी असलेली लेक फोन करायची तीसुद्धा “आई, बाबांची पाठ काय म्हणते?” असं विचारायची. पाठ काही म्हणत नव्हती आणि बाबाही काही म्हणत नव्हते, पण बाबांना विचारायचं धाडस कोणाला नव्हतं. पाठीला विचारलं की बाबांपर्यंत पोचतं, अशी आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

हे कुलूपवाले. म्हणजे ह्यांचं चौकात कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या बनवणं, अडकलेली कुलपं उघडणं आणि गिऱ्हाइकाने घेतलेलं कुलूप किती टाकाऊ आहे हे त्याला समजावून सांगणं, असा तिहेरी धंदा. त्यातला तिसरा भाग फुकट, आणि त्यालाच वेळ जास्त. असा माणूस एके दिवशी दुकानातून भर दुपारी घरी आला, पाठ दुखतेय म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशीही तेच. पाठ खरंच दुखत होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण पाठ दुखणारा माणूस कण्हतो, चिडतो, शेक मागतो. हे काहीच मागत नव्हते. मी जेवणात मीठ घालायला विसरले तरी मुकाट्याने जेवायचे, आणि आमच्या संसारात असं कधीच झालेलं नव्हतं.

मग मी एक काम केलं. बाथरूमची आतली कडी स्क्रू काढून उतरवली आणि शिवणाच्या डब्यात तळाशी टाकली. कुलूपवाल्याच्या घरातली कडी गेली आणि कुलूपवाल्याने कुठे गेली म्हणून विचारलंसुद्धा नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही. फक्त हे आत गेले की त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि जरा जरा वेळाने हाक मारायच्या, “पाणी गरम आहे का रे?” आतून “हो” आलं की माझ्याकडे न बघता मान हलवायच्या. पाण्याच्या तपमानाची एवढी काळजी आमच्या घराण्यात आजवर कोणी केली नसेल.

तर दवाखाना. तिथे पहिली अडचण अशी की मोठ्या दवाखान्यांत दुखणं एका मजल्यावर असतं आणि मन दुसऱ्या. वर वेदना विभाग, खाली मनोविकार विभाग. वरच्यांनी पाठीचे फोटो काढले, मणके मोजले, म्हणाले, मणके उत्तम आहेत, तुम्ही खाली जा. खालचे म्हणाले, पाठ दुखतेय ना, मग आधी वर दाखवा. आम्ही वर गेलो. वरच्यांनी आमच्याकडे, परत केलेला माल पुन्हा आल्यासारखं पाहिलं. आमचा बराचसा उपचार लिफ्टमध्ये झाला. लिफ्टवाला ह्यांच्या पाठीला इतका ओळखू लागला की त्याने मला तेल सुचवलं.

शेवटी खालच्या मजल्यावर एक तरुण डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी आम्हाला वर पाठवलं नाही, एवढ्यावरच मी त्यांच्या पाया पडले असते. म्हणाल्या, “पाठदुखी खरी आहे आणि डिप्रेशनही खरं आहे. पुष्कळांना दोन्ही एकत्र असतात, आणि एक दुसऱ्याला सोडत नाही. गोळ्यांनी पुरेसा फरक पडलेला नाही, तर आपण चुंबकाचे ठोके देऊन बघू. डोक्यावर बाहेरून. भूल नाही, कापाकापी नाही. मन वर यायला मदत होते. काहींचं दुखणंही त्याबरोबर कमी होतं. सगळ्यांचं होतंच असं मी सांगणार नाही.”

हे म्हणाले, “चुंबकाने मी दुकानात लोखंडाचा कीस गोळा करतो. तुम्ही काय गोळा करणार?”

“काहीच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जे झोपलंय ते जरा हलवणार.”

परत जाताना लिफ्टमध्ये सासूबाई माझ्या कानाशी आल्या. “तिने तो शब्द वापरला ना, तो घरी न्यायचा नाही. कळलं?” जणू तो शब्द म्हणजे छत्री होती आणि आम्ही ती लिफ्टच्या कोपऱ्यात उभी करून निघून येऊ शकत होतो. आम्ही तसंच केलं. घरी नेली ती पाठ.

मशीनच्या खोलीत जाताना अंगावर लोखंड, धातू काही ठेवायचं नसतं. मशीनवरच्या बाईंनी एक छोटा ट्रे पुढे केला आणि म्हणाल्या, “खिशात काय असेल ते काढा काका.” बिचारीला काय माहीत. ह्यांनी डाव्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. उजव्या खिशातून दुसरा जुडगा. शर्टाच्या खिशातून एक छोटी कानस, दोन स्प्रिंगा, कुलपाच्या आतल्या पितळी पिना, एक वाकवलेली तार. मागच्या खिशातून अख्खं कुलूप. ट्रे भरला. दुसरा आणला. सासूबाई म्हणाल्या, “दुकान बंद नाही, घेऊन फिरतोय तो.” त्यानंतर मशीनवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडदे शिवते, त्यामुळे माझ्या पदराला, बाहीला, कधीकधी केसांतही टाचण्या असतात. मला दाराबाहेर उभं करण्यात आलं. माझ्यासारख्या बाईला नवऱ्याच्या उपचाराच्या खोलीतून टाचण्यांपायी हाकलतात, ही गोष्ट मी इतक्या सहज लिहितेय, पण तेव्हा मला फार लागली होती.

दाराच्या काचेतून दिसत होतं. ह्यांना पोहायला जाताना घालतात तशी घट्ट पांढरी टोपी घातली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या, आणि डोक्याला एक जाड, वळणदार वस्तू टेकवली. मग टक, टक, टक. सुतारपक्षी कपाटावर बसल्यासारखा आवाज. किती जोर लावायचा ते ठरवायला आधी योग्य जागा शोधतात. ती सापडली की हाताचा अंगठा आपोआप उडतो. ह्यांचा अंगठा उडाला. हे त्याच्याकडे बघत राहिले. पुन्हा टक, पुन्हा अंगठा. घरी येताना रस्त्यात थांबून म्हणाले, “बाहेरून, आत न बघता, आतली एक पिन उचलली तिने. नेमकी.” आणि पुढे चालू लागले. मी मात्र तिथेच जरा उभी राहिले. ह्यांनी आपणहून कुलपाचा विषय काढला होता.

आता वरच्या काकू. ह्या आमच्या घराच्या बरोबर वर राहतात आणि आमच्या घरातलं आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळतं. रोज सकाळी आम्ही तिघं आवरून कुठे जातो, हे न विचारता त्यांनी तब्बल एक आठवडा काढला. त्यांची तब्येत बिघडेल असं मला वाटायला लागलं होतं. शेवटी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“अगं, रोज रोज कुठे गं?”

मी म्हटलं, “पाठीसाठी. चुंबकाचं मशीन आहे.”

पडदे लावणं हा माझा धंदाच आहे, पण हा पडदा मी घाईत लावला आणि आखूड पडला. मी म्हणायला हवं होतं, मालिश. मालिश म्हटलं असतं तर काकू वर गेल्या असत्या. चुंबक म्हटल्यावर त्या खाली आल्या. संध्याकाळी येताना चुंबकाचा पट्टा घेऊन आल्या, तो त्यांच्या दिवंगत यजमानांचा होता. दुसऱ्या दिवशी चुंबकाचं कडं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या फ्रिजवरची सगळी चुंबकं काढून आणली, त्यात एक आंबा, एक हत्ती आणि कोणत्यातरी बँकेची जाहिरात. “हे त्याच्या गादीखाली ठेव,” म्हणाल्या. मी ठेवली नाहीत. हत्ती पुढे सासूबाईंच्या उशीखाली सापडला. विचारलं तर म्हणाल्या, “झोप बरी लागते,” आणि तोंड फिरवलं.

काकूंचा गुडघा दुखतो. तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला होता.

“मलाही ने ना तिकडे.”

त्या खालच्या मजल्याच्या दारावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. काकूंना वाचता येतं. मी म्हटलं, “काकू, ते सगळ्यांना नाही देत. ज्यांच्या अंगात लोखंड कमी असतं त्यांनाच देतात. नाहीतर माणूस मशीनला चिकटतो.”

हे मी कुठून काढलं ते मला आजही सांगता येणार नाही. शाळा मी फार शिकले नाही, पण हाताला लागेल ते वाचत आले आहे, आणि असलं अर्धवट वाचन अडचणीच्या वेळी असं वर येतं. काकू वर निघून गेल्या. मी जिंकले असं मला वाटलं. चार दिवसांनी त्या रक्त तपासून आल्या. चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा आनंद. “कमी आहे गं. खूपच कमी. डॉक्टर रागावला मला.”

मागोमाग आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांची मान धरते. ते उभे राहूनच बोलतात, बसले तर काम लहान वाटेल म्हणून. “कुलूपवाले कसे आहेत? वा. तर मी असं ऐकतो की पाठीचं काहीतरी यंत्र आलेलं आहे. इमारतीत पाठी, माना, गुडघे धरून बरेच जण आहेत. एकत्र गेलो तर सवलत मागता येईल. मी सूचनाफलकावर लावून टाकतो.” आणि लावलं. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली ह्यांचा आजार लागला. तरीही तो पाठीचाच होता, म्हणून सासूबाई समाधानी होत्या.

आणि इकडे, खरं सांगायचं तर, काहीतरी हलू लागलं होतं. एकदम नाही. आधी तर डोकं दुखायचं नुसतं, आणि सासूबाईंना वाटायचं, आता पाठीच्या जोडीला डोकंही आलं. मग एका सकाळी ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “हा पडदा डावीकडे उतरलाय.” मी पडदे शिवते. माझ्या घरातला पडदा उतरलाय हे तोंडावर सांगणाऱ्या माणसाला एरवी मी जेवायला वाढलं नसतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. नंतर मिठावरून बोलले. नंतर पाठीबद्दल म्हणाले, “आहे, पण पूर्वी सगळीकडे असायची. आता पाठीतच आहे.” एकदा दुकानाचं शटर वर करून, आत जरा बसून, खाली करून आले.

आणि एकदा बाथरूममधून बाहेर येऊन म्हणाले, “आतली कडी कुठे गेली?”

“तुटली,” मी म्हटलं.

ह्यांनी दारावरच्या स्क्रूच्या भोकांवरून बोट फिरवलं. कुलूपवाल्याला तुटलेली कडी आणि उतरवलेली कडी यांतला फरक कळतो. मी शिवणात मान घातली. “बसवून टाकायची का?” मी विचारलं, सुईकडे बघत.

“इतक्यात नको,” म्हणाले.

दाराबाहेर सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, “पाणी गरम होतं ना रे?”

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते माझ्यामुळे बिघडलं. डॉक्टरबाईंनी ठोके आणखी काही आठवडे चालू ठेवायला सांगितले होते, आणि त्यासाठी दवाखान्याच्या कार्यालयाचा फोन आला. नेमका तेव्हा, जेव्हा वरच्या काकू माझ्या शेजारी, माझ्याच सोफ्यावर, माझ्या फोनला कान लावता येईल इतक्या जवळ बसल्या होत्या.

“उपचार कशासाठी चालू आहेत?” पलीकडून विचारलं.

“पाठीसाठी,” मी म्हटलं.

“फक्त पाठीसाठी?”

काकू माझ्याकडे बघत होत्या. “हो. पाठीसाठी, फक्त पाठीसाठी,” मी ठणकावून सांगितलं. पलीकडच्या माणसाने आभार मानले. काम चोख करणारा माणूस होता. त्याने ह्यांची फाइल खालच्या मजल्यावरून उचलली आणि वर पाठवली.

आम्हाला हे कळलं ते सोमवारी. तो सोमवारच असा होता की सेक्रेटरी आणि काकू, “सोबत म्हणून”, आमच्याबरोबर निघाले. नाही म्हणायला मी तोंड उघडलं तेव्हा काकू गाडीत बसलेल्या होत्या. दारावरची पाटी त्यांनी वाचली. मी बघत होते. त्यांनी पर्स छातीशी धरली. सेक्रेटरी म्हणाले, “जागेची टंचाई असते हो. पाठीचा विभाग तात्पुरता इथे बसवला असेल.” सासूबाईंनी त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की मला वाईट वाटलं.

हे नेहमीसारखे सरळ मशीनच्या खोलीत गेले. ट्रे भरले, टोपी घातली. आम्ही बाहेर बसलो. थोड्याच वेळात मशीनवरच्या बाई बाहेर आल्या. “काकांचं नाव आजच्या यादीत नाही. कार्यालयाने काढलंय. तुम्ही खिडकीवर विचारा, मी तोवर जागा धरून ठेवते. पण लवकर हं, पुढचा पेशंट बसलाय.”

मी खिडकीवर पळाले. माझ्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे काकू, त्यांच्यामागे सेक्रेटरी. खिडकीतला माणूस तोच, आवाजावरून ओळखला.

“पाठीच्या पेशंटला हे मशीन इथे मिळत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्हीच सांगितलंत, फक्त पाठ. फाइल वर गेली. तिथे व्यायाम देतील.”

“पण मधेच बंद करू नका असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,” मी म्हटलं. “आत्ता कुठे ते जरा...”

“बरोबर. पण डॉक्टरबाई आज रजेवर आहेत, आणि नाव सोडलं की जागा पुढच्याला जाते. बाहेर रांग आहे. बरं, पाठीशिवाय दुसरं काही आहे का? असेल तर सांगा, मी आत्ता फाइल खाली मागवतो.”

एवढं सोपं होतं. एक शब्द. लिफ्टच्या कोपऱ्यात ठेवलेला. माझ्या उजव्या खांद्यावरून काकू ऐकत होत्या, डाव्या खांद्यावरून सेक्रेटरी. सासूबाईंनी माझा पदर मागून धरला होता, आणि त्यातली टाचणी बहुतेक त्यांना टोचत होती, तरी सोडत नव्हत्या.

“पाठ तर आहेच,” मी म्हटलं. “पण त्याबरोबर जरा... म्हणजे तसं काही नाही, पण...”

“थकवा,” सासूबाई मागून म्हणाल्या. “थकवा असतो त्याला.”

“थकवा वरच्या मजल्यावर,” खिडकी म्हणाली.

“मग बरंच झालं की,” काकू म्हणाल्या, हळू आवाजात, माझ्यावर उपकार करत असल्यासारख्या. “आपण सगळेच वर जाऊ.”

“लिफ्ट कुठे आहे?” सेक्रेटरींनी विचारलं.

तेवढ्यात हे आले. डोक्यावर ती घट्ट पांढरी टोपी, तिच्यावर निळ्या पेनाच्या खुणा, आणि ठोक्यांचा आवाज लागू नये म्हणून कानात घातलेले बोळे तसेच. काकूंनी ह्यांना पायापासून टोपीपर्यंत बघितलं. मी म्हटलं, “अहो, तुम्ही कशाला उठलात, मी बघतेय ना.” ह्यांना ते ऐकू आलं नाही. खिडकीशी वाकले आणि, कानात बोळे असलेला माणूस जसा बोलतो तसे, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“पाठ दुखते ते खरं आहे. पण मी पाठीसाठी येत नाही इथे. मला डिप्रेशन आहे.”

रांगेतली माणसं वळली. सासूबाईंचा हात माझ्या पदरावरून सुटला.

“मला जगावंसं वाटत नव्हतं,” हे म्हणाले. “हल्ली थोडं वाटायला लागलंय. माझं नाव परत घाला.”